धागा: मार्चअखेर मनाली, पाच जण. दोन मुलं, एक आजी, सगळ्यांना बर्फ हवा

सुरंगी | १८ जानेवारी, रात्री ९.१२

हायस्कूलचं नवं वर्ष आता एप्रिलमध्येच सुरू होतं, त्यामुळे परीक्षा आणि नवा वर्ग यांच्या मधला मार्चचा शेवटचा आठवडा तेवढा हाती आहे. २३ ते ३१ मार्च धरलंय. आम्ही दोघं, मुलं ६ आणि ११ वर्षांची, सासूबाई ६८ (रक्तदाब, इन्शुलिन चालू). निघणार डिचोलीहून. मनाली की गुलमर्ग? मार्चअखेर बर्फ मिळतो का? कपड्यांचं काय? इथे तर स्वेटर कुठल्या पेटीत आहे तेही शोधावं लागेल. जाणकारांनी सांगावं.

घाटमाथा | १८ जानेवारी, रात्री १०.०५

आधी बर्फाचं. मनाली गाव साधारण २,०५० मीटरवर. मार्चअखेर गावात बर्फ सहसा नसतो, असलाच तर सावलीत मळका ढीग. दुपारी १२ ते १६ अंश, पहाटे २ ते ५. बर्फ हवा तर वर जायला हवं. दर हजार मीटरला तापमान सहा-साडेसहा अंशांनी उतरतं. अटल बोगद्यापलीकडचं सिस्सू ३,१०० मीटरच्या आसपास आहे, म्हणजे मनालीत दुपारी १३ असेल तर तिथे ६-७, आणि वारा असला की त्याहून बोचरं.

बोगदा ९.०२ किलोमीटरचा, ३ ऑक्टोबर २०२० ला सुरू झाला. त्याआधी लाहौलात जायला रोहतांग ओलांडावा लागे. रोहतांग ३,९७८ मीटरवर, आणि पर्यटकांना तो सहसा मे महिन्यात खुला होतो. मार्चमध्ये कुणी टॅक्सीवाला 'रोहतांग दाखवतो' म्हणाला तर तो तुम्हाला दुसरंच काही दाखवणार, हे धरून चाला.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मार्च म्हणजे थंडी सरली, हा आपला गोव्यातला हिशेब. हिमालयात मार्चमध्ये पश्चिमी झंझावात एकामागून एक येतात. खाली पाऊस, वर ओला बर्फ. असा झंझावात दोन-तीन दिवस राहतो, आणि त्या दिवसांत सोलंगच्या (मनालीच्या वरची दरी) पुढे गाडी सोडत नाहीत. म्हणून मनालीत चार रात्री असतील तर बर्फाचा दिवस आधीच पक्का करू नका. दोन दिवस मोकळे ठेवा, हवामान खात्याचा जिल्हावार इशारा रोज संध्याकाळी बघा आणि जो दिवस निरभ्र तो बर्फाचा. नवा बर्फ पडल्यावर लगेच दुसऱ्या सकाळी ऊन पडलं म्हणून धावू नका. सोलंग ते धुंडी हा पट्टा हिमस्खलनाच्या वाटेत येतो. ताज्या बर्फावर ऊन लागलं की तो सुटतो. पोलिसांनी रस्ता उघडल्याशिवाय नाही, आणि उघडला तरी परत फिरायचं दुपारी दोनच्या आत.

गुलमर्ग वाईट नाही. गंडोला (दोरावरची केबल कार) दोन टप्प्यांचा, पहिला कोंगदोरीपर्यंत, तिथे मार्चअखेर बर्फ जवळपास हमखास. श्रीनगरचं ट्युलिप उद्यानही त्याच सुमारास उघडतं. पण गंडोलाची तिकिटं ऑनलाइन, तारखेनुसार संपतात, आणि वारा वाढला की वरचा टप्पा बंद. शिवाय बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड लागतं. तुमच्याकडे मोकळे दिवस ठेवण्याइतकी सुट्टी आहे, आजी आहेत, आणि बर्फ एक दिवस पुरे. मनाली घ्या.

कुळागर | १८ जानेवारी, रात्री ११.४०

कपड्यांचं मी लिहितो. आपल्याकडे लोक थंडीला घाबरतात आणि ओलीला विसरतात. तीन अंशांत कोरडा माणूस मजेत फिरतो, दहा अंशांत ओला माणूस कुडकुडतो. जुलैत दोरीवरचा बनियन चार दिवस वाळत नाही हे आपल्याला सांगायला नको, तोच बनियन घामाने भिजून अंगाला चिकटलेला आहे असं समजा, फक्त बाहेर तीन अंश. म्हणून पहिला नियम: अंगालगत सुती काही नको. बनियन नाही, सुती मोजे नाहीत, जीन्स तर नकोच. जीन्स बर्फात भिजली की दिवसभर वाळत नाही.

थर असे:
अंगालगत थर्मल, पॉलिएस्टर किंवा लोकरीचं, घट्ट पण काचणारं नाही. माणशी दोन जोड.
त्यावर फ्लीस किंवा लोकरी स्वेटर, एक.
सगळ्यात वर वारा आणि पाणी अडवणारं जाकीट, टोपी जोडलेली. ते एक नंबर मोठं घ्या, आत थर मावले पाहिजेत.
मोजे लोकरीचे, माणशी चार जोड. एकावर एक दोन घालू नका. बूट आवळतो, रक्त नीट फिरत नाही आणि पाय उलट गार पडतो.

मुलांना पाच बोटांचे हातमोजे देण्यापेक्षा अंगठा वेगळा आणि चार बोटं एकत्र असलेले द्या. बोटं एकमेकांना ऊब देतात. दोन जोड हवेतच, पहिला जोड अर्ध्या तासात भिजणार. मोज्यांना नाडी लावून ती जाकिटाच्या बाहीतून ओवून घ्या. नाहीतर एक मोजा सिस्सूला राहतो.

बर्फात खेळण्याचा अंगभर सूट आणि गमबूट विकत घेऊ नका. मनालीहून सोलंगच्या वाटेवर नंबर लावलेल्या दुकानांची रांग आहे, तिथे भाड्याने मिळतात. घेताना तीन गोष्टी बघा: चेन खालून वरपर्यंत न अडकता जाते का, गुडघा आणि बूड फाटलेलं नाही ना, बुटाच्या आतलं अस्तर कोरडं आहे का. अस्तर बहुतेक वेळा दमट असतंच, आदल्या गिऱ्हाइकाचं. उपाय सोपा आहे: पायात कोरडा लोकरी मोजा, त्यावर साधी प्लास्टिकची पिशवी, मग बूट. दमट अस्तर आणि कोरडा मोजा यांची गाठच पडत नाही. पायाला घाम येतो थोडा, पण दोन तासांपुरतं चालतं. आणि आधीच फाटलेलं असेल तर दुकानदारासमोर फोटो काढून ठेवा, परत करताना हुज्जत नको.

रापण | १९ जानेवारी, सकाळी ७.५०

बुटांबद्दल एक भर, कारण हे खास आपल्या हवेचं दुखणं आहे. कपाटात चार-पाच वर्षं पडून राहिलेले ट्रेकिंगचे बूट काढले असतील तर आधी तपासा. बऱ्याच बुटांच्या तळव्यात पॉलियुरेथेन असतं. दमट हवेतलं पाणी हळूहळू ते तोडत राहतं, बूट वापरात नसला तरी. वरून बूट नवाकोरा दिसतो. नखाने तळव्याच्या कडेला जोरात दाबा, मग बूट मधोमध वाकवा. नख रुतून भुगा निघाला किंवा बारीक भेगा दिसल्या तर तो बूट चालताना दोनशे पावलांत तळवा सोडणार. डिंकाने चिकटवून उपयोग नाही, डिंक धरणार कशाला? ज्याला धरायचं तेच कुजलेलं. नवे घ्या, आणि निघण्यापूर्वी दहा दिवस घरात घालून फिरा.

ओले बूट हिटरला टेकवून वाळवू नका, सांधे उकलतात. आतला तळवा काढून वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, दोन तासांनी बदला, सकाळपर्यंत वाळतात.

सुरंगी | १९ जानेवारी, सकाळी ९.२०

रापण, आत्ताच दाबून बघितले. ह्यांच्या बुटाचा तळवा कोंड्यासारखा सुटला! धन्यवाद. आजींच्या औषधांबद्दल आणि खोलीतल्या हिटरबद्दल कुणी सांगेल का?

अबोली | १९ जानेवारी, दुपारी १.१५

सुरंगीताई, निघण्याआधी आजींच्या डॉक्टरांना एकदा दाखवाच. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वर जातो. मात्रा बदलायची की नाही हे ते सांगतील. तोवर मी सामानापुरतं लिहिते.

इन्शुलिन: गोव्यातून निघताना उकाडा, तिकडे गोठण्याची भीती, दोन्ही सांभाळायचं. चेक-इनच्या बॅगेत कधीच नाही. हातातल्या पिशवीत, डॉक्टरांची चिठ्ठी सोबत. विमानतळापर्यंत थंड पाऊचमध्ये, आणि बर्फाच्या दिवशी आजींच्या जाकिटाच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेत. एकदा गोठलेलं इन्शुलिन वितळलं तरी टाकून द्यायचं. दिसायला तसंच दिसतं, काम करत नाही. साखर मोजण्याचं यंत्रही साधारण १० अंशांखाली चूक दाखवतं किंवा चालतच नाही. खोलीत ऊब आली की मोजा.

उंचीचा त्रास: मनालीला झोपणाऱ्याला तो सहसा होत नाही. सिस्सूला दोन-तीन तासांसाठी जाताना मुलांना पहिल्या अर्ध्या तासात पळू देऊ नका, सगळ्यांना पाणी पाजत राहा. डोकं दुखून मळमळायला लागलं तर तिथे गोळी घेत बसण्यापेक्षा खाली या, बोगद्यातून तासाभरात हजार मीटर उतरता येतं. खरी मळमळ व्हायची ती घाटातल्या वळणांनी. मंडीच्या पुढे बियासच्या कडेने रस्ता वळत जातो. गाडी लागण्याची गोळी निघण्याआधी अर्धा ते एक तास, मुलांची मात्रा डॉक्टरांकडून.

आता खोली. हे कृपया नीट वाचा. डोंगरातल्या बऱ्याच हॉटेलांत, होमस्टेत बाथरूममध्ये गॅस गिझर असतो. खिडकी बंद, दार बंद, गिझर चालू: हवेतला प्राणवायू कमी पडतो, गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. चक्कर येते आणि माणूस दाराची कडी काढण्याआधी पडतो. बुकिंग करतानाच विचारा, गिझर विजेचा आहे का. गॅसचाच असेल तर बादली भरून घ्या, गिझर बंद करा, दार पाच मिनिटं उघडं ठेवा, मग आंघोळ. कोळशाची अंगीठी खोलीत आणून देतात, तीही झोपण्याआधी बाहेर. 'थोडी धग राहू दे' म्हणून आत ठेवलेली राखेखालची अंगीठीच जास्त विषारी असते.

विजेचं पांघरूण झोपण्यापूर्वी गादी तापवायला वापरा आणि झोपताना बंद. सहा वर्षांच्या मुलाखाली चालू ठेवायचं नाही. मधुमेह असलेल्यांच्या पायांना चटका लवकर कळत नाही, म्हणून आजींना गरम पाण्याची पिशवी देताना ती टॉवेलात गुंडाळा.

हिटरने हवा कोरडी पडते. आपण दमट हवेतले, आपलं नाक आणि ओठ आधी तक्रार करतात. मुलांच्या नाकातून रक्ताचा थेंब आला तर घाबरू नका: पुढे वाकवून बसवा, नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं चिमटीत धरा. रात्री ओला टॉवेल खोलीत टांगा, नाकात सलाइनचे थेंब, ओठांना व्हॅसलीन.

आणि खोबरेल तेलाची बाटली न्याल तर ती मनालीत दगड होणार. साधारण २४ अंशांखाली ते थिजतंच. लहान रुंद तोंडाच्या डबीत न्या, बोटाने खरवडता येतं. उन्हासाठी मात्र खोबरेल कामाचं नाही. बर्फावरून अतिनील किरणं परततात, ताजा बर्फ त्यातली ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो. सनस्क्रीन हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या खालीही लावा, आणि गॉगल मुलांनाही हवा, शोभेचा नको.

तिळारीकाठ | १९ जानेवारी, संध्याकाळी ६.३०

आपली गाडी घेऊन गेलं तर? पाच माणसं, सामान, भाडं वाचतं. डिझेल गाडी आहे, नऊ वर्षं जुनी.

घाटमाथा | १९ जानेवारी, रात्री ८.०२

नऊ दिवसांच्या सुट्टीत नको. एका बाजूला २,२०० किलोमीटरच्या वर आहे. रोज सहाशे धरले तरी जाण्यायेण्यात आठ दिवस जातात, बर्फ खिडकीतूनच दिसायचा.

तरी कधी तीन आठवडे मोकळे मिळाले आणि नेलीत, तर आधी रेडिएटर. गोव्यात बऱ्याच जुन्या गाड्यांत कूलंटऐवजी नळाचं पाणी टॉप-अप करून करून शेवटी निव्वळ पाणीच उरतं. इथे ते चालून जातं. तिकडे शून्याखाली रात्रभर गाडी उभी राहिली तर ते गोठून फुगतं आणि इंजिनाचा ब्लॉक तडकतो. पूर्ण उपसून कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं भरा, उणे ३५ पर्यंत भागतं. काच धुण्याच्या टाकीतलं साधं पाणीही गोठतं. रात्री ओल्या रस्त्यावरून येऊन हॅंडब्रेक ओढून ठेवू नका, ब्रेक चिकटतात. गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा. इथलं डिझेल फार थंडीत मेणासारखं दाटतं, म्हणून टाकी शक्यतो चढण्याआधी कमी करून तिकडचं भरा.

हे सगळं केलंत तरी बर्फ पडला की नेहरूकुंडाच्या आसपास पोलीस साध्या गाड्या थांबवतात, पुढे फक्त फोर बाय फोर किंवा साखळ्या लावलेल्या. साखळ्या ज्या चाकांना इंजिनाची ओढ असते त्यांना, म्हणजे बहुतेक छोट्या गाड्यांत पुढच्या. वेग ताशी ३० च्या वर नको, आणि कोरडा डांबर लागला की लगेच काढायच्या, नाहीतर टायर जातो. त्यापेक्षा त्या एका दिवसापुरती स्थानिक गाडी करा.

रापण | १९ जानेवारी, रात्री ९.१०

प्रवासाचं. रेल्वे: मडगावहून चंडीगडला गोवा संपर्क क्रांती आहे, आठवड्यातून ठरावीक दिवशी, दीड दिवसाच्या आसपास. आरक्षण आता साठ दिवस आधीच उघडतं (नोव्हेंबर २०२४ पासून, आधी १२० होते), म्हणजे २३ मार्चचं २२ जानेवारीला सकाळी आठला. तीन दिवस उरलेत! आजींना खालचा बर्थ मागा. तुमची सुट्टी नऊ दिवसांची, तेव्हा एका बाजूने विमान, दुसऱ्या बाजूने रेल्वे हाही मार्ग आहे.

विमान असेल तर तिकिटावर विमानतळ नीट बघा. आपल्याकडे आता दोन: मोपा जीओएक्स, दाबोळी जीओआय. स्वस्त मिळतं म्हणून जाताना मोपा, येताना दाबोळी असं पडलं तर मोपाला लावलेली गाडी आणायला वेगळी वारी. डिचोलीहून मोपाच सोयीचं. दिल्लीत बदलायचं असेल तर दोन्ही विमानं एकाच तिकिटावर घ्या. वेगवेगळी घेतली आणि पहिलं उशिरा आलं तर दुसरी कंपनी जबाबदार नाही. शिवाय दिल्लीत टर्मिनल वेगळं असलं तर सामान घेऊन बाहेरून जावं लागतं. मध्ये चार तास ठेवा.

सामान माणशी साधारण १५ किलो आणि हातात ७. जाकिटं हातावर घ्या, ती वजनात धरत नाहीत. मोपाला घाम येईल, येऊ दे. पॉवरबँक फक्त हातातल्या बॅगेत, चेक-इनमध्ये नाही. सुकं खोबरं, म्हणजे कोपरा, विमानात न्यायचा नाही: तेलकट असल्याने आपोआप पेट घेऊ शकणारा माल धरतात. लोणचं आणि तेलाचं काही हातात नको, नीट बंद करून मोठ्या बॅगेत.

अबोली | १९ जानेवारी, रात्री ९.४५

खाण्यावरून आठवलं. आजींसाठी होमस्टेत भात शिजवायचा विचार असेल तर उकडे तांदूळ नेऊ नका. २,००० मीटरवर पाणी साधारण ९३ अंशांना उकळतं. उघड्या पातेल्यात उकडा तांदूळ तासभर उकळून मधे कणी राहते. कुकर असेल तर ठीक. सोलं (आमसुलं) मात्र मूठभर न्या, गरम पाण्यात टाकली तरी जेवण आपलं वाटतं. नुस्त्यावाचून (मासळीवाचून) ज्यांचं अडतं त्यांना तिथे ट्राउट मिळतो, पतलीकुहलला सरकारी ट्राउट केंद्र आहे. नदीचं नुस्तं, चव सौम्य. बांगड्याची अपेक्षा ठेवू नये.

घाटमाथा | २० जानेवारी, सकाळी ८.१५

सुरंगीताई, सगळं धरून असं जमतं:

२३ ला मोपा ते दिल्ली ते चंडीगड, तिथेच मुक्काम. संध्याकाळी उतरून लगेच घाट चढू नका, दरडी अंधारात दिसत नाहीत. २४ ला सकाळी सहाला निघा. मनालीपर्यंत ३०० किलोमीटरच्या आसपास, किरतपूर-नेरचौक चौपदरी झाल्यापासून पहिला टप्पा सुटसुटीत आहे, मंडी ते औट मात्र पाऊस असेल तर अडकवतो. मुलं आणि आजी धरून नऊ-दहा तास. २५ ला काही नाही. ढुंगरीच्या देवदारांत हिडिंबेचं लाकडी देऊळ (१५५३ चं) आणि वशिष्ठचं गरम पाण्याचं कुंड, आजींना तेच सगळ्यात आवडेल. २६, २७, २८ यांतला निरभ्र दिवस सिस्सूचा, उरलेल्यांतला एक नग्गरचा. नग्गर खाली आहे, पावसातही जमतं, आणि त्या दिवसांत जर्दाळू-आलुबुखाराची झाडं फुललेली असतात. २९ ला खाली चंडीगड, ३० ला परत. ३१ हा रस्ता बंद पडला तर हाताशी.

सिस्सूच्या दिवशी सकाळी सातला निघा. बोगद्यात गाडी थांबवायची नाही, पुढची ओलांडायची नाही, कॅमेरे आहेत, दंड येतो. उत्तरेच्या तोंडातून बाहेर पडताच उजेड डोळ्यांवर आदळतो, गॉगल आधीच घालून ठेवा. आजींना गाडीतून दोनदा उतरवलं तरी पुरे. कडेला बर्फ, पायाखाली तुडवलेला निसरडा थर, घसरून खुबा मोडायचा तो इथे. त्यांना काठी द्या, टोकाला रबर नको, लोखंडी टोक हवं.

सुरंगी | २० जानेवारी, दुपारी २.४०

आराखडा तसाच उचलला. येतानाच्या ३० मार्चच्या रेल्वेचं २९ जानेवारीला सकाळी तपासते, नाहीतर विमान. शेवटचा प्रश्न: हे सगळे लोकरी कपडे परत आल्यावर पुन्हा पेटीत टाकून पुढच्या वेळेला भुगाच निघणार का?

कुळागर | २० जानेवारी, दुपारी ४.०५

पेटीत टाकायची घाई करू नका. चंडीगडहून निघताना ओलसर मोजे, हातमोजे वेगळ्या पिशवीत भरा, बाकीच्यांत मिसळू नका. घरी आल्यावर सगळं उलटं करून एप्रिलच्या उन्हात दोन दिवस. लोकरीला थेट भर दुपारचं ऊन नको, सकाळचं. जाकिटाचे खिसे बाहेर ओढून वाळवा, ओल तिथे राहते. थर्मल धुऊन, बाकीचं नुसतं झटकून, मग झाकण घट्ट बसणाऱ्या प्लास्टिकच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या सोबत. सुकलेला कडुलिंबाचा पाला जुन्या कापडात बांधून टाका. ओला टाकलात तर त्याचीच ओल. डबा मे महिन्यात, पहिल्या पावसाआधी, बंद करायचा आणि गणपतीपर्यंत उघडायचा नाही. बूट त्यात ठेवू नका. ते बाहेर, हवेशीर, आणि महिन्यातून एकदा पायात घालून अंगणात फेरी मारा.